तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

कापडगिरणीच्या घडीखात्यातला उंच माणूस दुपारी कापडाचा तागा खांद्यावर टाकून परत आला तेव्हा तिला वाटलं, याचं काहीतरी चुकलं. तपासलेला माल पुढे जातो, मागे येत नाही. निदान तिच्या टेबलावरून गेलेला तरी इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. त्याने तागा काचेच्या टेबलावर उलगडला, काचेखालचा दिवा लावला आणि एका जागी बोट ठेवलं. राखाडी रंगाचं, पडद्याचं कापड होतं. त्याच्या बोटापासून थेट काठापर्यंत एक आडवा धागा नव्हता. उजेड त्या फटीतून सरळ रेघेसारखा वर येत होता. शेंबड्या पोरालाही दिसली असती. "बाई, हे तुमच्याकडून सुटलंय बहुतेक," तो म्हणाला, आणि ते 'बहुतेक' त्याने तिच्या वयाला मान म्हणून घातलंय हे तिला कळलं. तिने खडूने फुली मारली, तागा बाजूला काढला, ठीक आहे म्हणाली. तिच्याच हाताखाली शिकून वर गेलेला सुपरवायझर जाता जाता थांबला आणि हसून म्हणाला, "होतं हो बाई कधीतरी. माणूस आहे, यंत्र नाही." तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, आणि तिच्याकडे उत्तरांची कमतरता कधीच नव्हती. पण त्याने तिला समजून घेतलं. ते समजून घेणं घशात अडकलेल्या गोळीसारखं मग संध्याकाळपर्यंत तिच्यासोबत राहिलं.

पुढचा तागा रुळावरून काचेवर सरकू लागला. कापड सरकतं तेव्हा बघायचं नसतं, नुसतं डोळे उघडे ठेवून बसायचं असतं. दोष आपणहून डोळ्यात खुपतो. नव्या मुलींना ती हेच शिकवायची, आणि त्या टक लावून बघत राहायच्या आणि चुकायच्या. म्हणजे दुपारचा तो धागा तिच्या डोळ्यांनी पाहिला असणारच. पाहिलेलं आत पोचलं नव्हतं. डोळे आणि आत यांच्यामध्ये जी काही गल्ली असते, तिथे तो हरवला होता. असं हरवणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं, कारण जवळजवळ दोन वर्षं ती त्याच्याशेजारी राहिली होती, त्याला चहा करून दिला होता, त्याच्या सदऱ्याची बटणं लावली होती. वडिलांचं असंच सुरू झालं असेल का, असं तिने स्वतःला विचारलं, आणि लगेच स्वतःवरच खेकसली की एक धागा सुटला तर एवढं आकाश कोसळल्यासारखं करायचं कारण नाही. पण विचारलं ते विचारलंच. आणि तेही नेमकं आज. आज अडकल्याचा दिवस होता, आणि कामावरून थेट धाकट्या भावाकडे जायचं होतं.

लोकांच्या घरी वाढदिवस असतात. त्यांच्या घरी अडकल्याचा दिवस असे. वडील शहरातल्या एका पाचमजली दुकानात लिफ्ट चालवायचे आणि ती लिफ्ट एकदा वीज जाऊन मध्येच अडकली. त्या अडकण्यातून पुढे लग्न, ती, धाकटा आणि धाकट्याची दोन मुलं, एवढा सगळा पसारा निर्माण झाला. दर वर्षी त्या तारखेला सगळे जमत, दिवे घालवत आणि वडील अंधारात ती गोष्ट सांगत. यंदा वडील नव्हते. ते एक्याण्णव वर्षं जगले, आणि त्यातली निम्मी वर-खाली करण्यात गेली असं स्वतःच म्हणायचे. आधी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. तिथल्या गोष्टी ते मुद्दाम उन्हाळ्यात सांगत, म्हणजे ऐकणाऱ्याला तेवढाच गारवा. मग एका म्हाताऱ्या वकिलाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायची नोकरी केली, आणि ती सुटली कारण वकिलांच्या लक्षात आलं की यांच्या तोंडून ऐकलेल्या अर्ध्या बातम्या कुठेच घडलेल्या नाहीत. शेवटी लिफ्टवर लागले आणि तिच्या पितळी दांड्याला चिकटले ते चिकटलेच. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट ती. दांडा जरा उशिरा ओढला की गिऱ्हाईक मजल्याच्या वीतभर खाली उभं. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढी गोष्ट. माणसं आपला मजला सोडून शेवट ऐकायला वर जायची आणि खाली येता येता दुसरी सुरू झालेली असायची. त्यामुळे घरातही सगळं मजल्यांत मोजलं जाई. आईची बोलणी दोन मजल्यांची, शेजारणीची पाच मजल्यांची आणि वर गच्ची. पुढे बटणांची लिफ्ट आली, तरी मालकाने वडिलांना दोन वर्षं तिच्यात स्टुलावर बसवून ठेवलं. बटण दाबायला माणूस कशाला लागतो, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, बटण कुणीही दाबेल हो, पण मध्ये अडकल्यावर काय बोलायचं ते बटणाला येत नाही.

लिफ्टमधल्या माणसांबद्दल त्यांची एकच तक्रार होती. लोक ऐकत नाहीत, माना डोलावतात. तेव्हा ऐकणारा कोण आणि डोलणारा कोण हे कळावं म्हणून ते प्रत्येक गोष्टीत एक चूक ठेवू लागले, तांदळात एखादा खडा राहावा तशी. ज्याच्या दाताखाली आला तो खरा जेवला. चूक सापडली की ऐकणाऱ्याने नुसतं 'खडा' म्हणायचं, वडील 'धरलास' म्हणायचे, आणि तिथून पुढची गोष्ट पकडणाऱ्याने सांगायची. गोष्ट मग त्याची. वडील गप्प बसून ऐकायचे, आणि ऐकताना त्यांचा चेहरा असा होई की सांगणाऱ्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. नातवंडं तर या खेळातच बोलायला शिकली. शाळेतून तक्रार आली की तुमचा मुलगा इतिहासाच्या तासाला उभा राहून 'खडा' म्हणतो. वडिलांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, होता का? तर खरंच होता. नियम फारसे नव्हतेच. एकच होता, तोही फक्त अडकल्याच्या गोष्टीपुरता. त्या गोष्टीत आईच्या तोंडी जे वाक्य आहे त्यात खडा ठेवायचा नाही. बाकी काय वाटेल ते बदला, ते वाक्य जसंच्या तसं. आई गेल्यावर तर वडील ते वाक्य बोलण्याआधी किंचित थांबायचे, जिना चढणारा माणूस वळणावर थांबतो तेवढंच.

गोष्ट तशी साधी. लिफ्टमध्ये तिघे होते: वडील, हातात काठी असलेले एक जाडे गृहस्थ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा छातीशी धरलेली एक मुलगी. आरसा बहिणीसाठी घेतलेला, कोपऱ्यात तडकलेला निघाला म्हणून बदलायला ती पाचव्या मजल्यावर चालली होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. मिट्ट काळोख. जाड्या गृहस्थांचा श्वास वाढला, ते काठीने जाळी बडवू लागले. त्यांना शांत करायला वडिलांनी जी सुचली ती गोष्ट सुरू केली: एका नदीकाठी एक आंधळा नावाडी राहायचा, एकटा, एका रात्री त्याला पलीकडच्या काठावर दिवा दिसला आणि त्याने होडी सोडली. काळोखातून त्या मुलीचा आवाज आला, "अहो, पण तो आंधळा होता ना? मग दिवा दिसला कसा?" काठी थांबली. वडील म्हणाले, "धरलंत. आता पुढची तुम्ही सांगा." आणि तिने सांगितली. दिवा त्याला दिसला नाही, तेलाचा वास आला. दिवा जळतोय म्हणजे कुणीतरी जागं आहे, एवढं त्याला पुरलं. वास धरून तो वल्हवत गेला. होडी काठाला लागायला आणि वीज यायला एकच गाठ पडली, असं वडील सांगायचे. हे जरा जास्तच जुळतं, पण तेवढं त्यांना माफ. लिफ्ट वर जायची ती खाली आली. मुलगी म्हणाली, मी आता जिन्याने जाते. आणि वडिलांनी लिफ्ट तशीच उघडी टाकून तिच्या हातातला आरसा घेतला आणि पाच मजले चढले. लिफ्टवाला जिना चढला, म्हणजे मामला गंभीर होता. एवढ्यावर गोष्ट संपायची, आणि संपली की भांडण सुरू व्हायचं. वडील म्हणायचे, आंधळ्याचा खडा मी मुद्दाम ठेवला होता. आई म्हणायची, "कसला ठेवलेला! विसरला होतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ठेवला होता, विसरला होतात, ठेवला होता, विसरला होतात, असा त्यांचा संसार झाला. त्याचा निकाल आई गेली तरी लागला नाही, आणि आता लागायचाही नाही.

वडील तिला चाळणी म्हणायचे, कारण तिच्यातून खडा सुटत नसे. धाकट्याला भोंगा, कारण जन्मला तेव्हा त्याचं रडणं म्हणे कारखान्याचा भोंगा समजून दोन माणसं कामावर निघाली होती. ती खडा पकडायची आणि पुढची गोष्ट धाकट्याला देऊन टाकायची. लहानपणापासून हाच त्यांचा व्यवहार. तिच्याकडे कान होते, त्याच्याकडे आवाज होता, आणि दोघं मिळून एक पूर्ण माणूस होतात असं आई म्हणायची. म्हणजे साठीला टेकली तरी तिने एकही गोष्ट कधी सांगितलेली नव्हती. आणि परवा भाचीचा फोन आला: "आत्या, अडकल्याची गोष्ट कोण सांगणार? बाबा म्हणाले, त्यांना जमणार नाही. तू सांग ना." बाबांना जमणार नाही. भोंग्याला. तिला फोनवरच हसू आलं होतं, आणि मग ते जिथल्या तिथे थांबलं. त्याला जमणार नव्हतं ते तिच्यामुळे.

दोन वर्षांपूर्वीच्या अडकल्याच्या दिवशी ती अंधारात वडिलांच्या शेजारी बसली होती, त्यांचा हात तिच्या मनगटावर होता. गोष्ट नीट चालली होती. आरसा आला, जाडे गृहस्थ आले, नावाडी आला. आणि मग वडील आईच्या आवाजात म्हणाले, "अहो, पण होडी फुटकी होती ना? मग दिवा दिसला कसा?" भाचा ओरडला, खडा. आजोबा आता स्वतःचेच नियम मोडायला लागले, असं म्हणून सगळे हसले, धाकटा सगळ्यांत मोठ्याने. पण ठेवलेल्या खड्याआधी वडील नेहमी आवंढा गिळायचे, आणि या वेळी त्यांनी गिळला नव्हता. त्या वाक्याआधी थांबायचे, तेही थांबले नव्हते. विणताना मुद्दाम सोडलेली जागा आणि तुटलेला धागा यांतला फरक तिला बोटांनीसुद्धा कळतो; सोडलेल्या जागेच्या कडा शांत असतात. मनगटावरची बोटं एकदम घट्ट झाली. मग बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "धरलास." त्या क्षणी तिला सगळं कळलं, आणि तिने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "जरा किल्ली दे गं, चहा ढवळायचाय." तिने त्यांच्यापुढे चमचा ठेवला आणि म्हणाली, "खडा." वडिलांनी चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हसले. "धरलास." मग दिवस तसेच जाऊ लागले. शेजाऱ्याला ते आपला मेलेला भाऊ समजले, खडा. दुपारची सकाळ झाली, खडा. एक्याण्णव वर्षांच्या आयुष्याचे मजले एकमेकांत शिरत होते, बर्फाच्या कारखान्यात वकील बसत होते, लिफ्ट नदीवर थांबत होती. आणि तिच्या घरात एक म्हातारा घाबरून जाण्याऐवजी दिवसातून वीसदा हसत होता. ज्याला वाटेल त्याने याला लपवाछपवी म्हणावं. ती याला आपल्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम म्हणायची, तेव्हाही आणि आजही.

आणि वडिलांना ठाऊक होतं. हे मात्र तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. एका दुपारी ते खिडकीत बसले होते, नुकतीच दाढी झालेली, गालाला साबणाचा वास. बाहेर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. ते अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चाळणी, पूर्वी खडे मी टाकायचो. आता तांदळातच आहेत." ती चादरीची घडी घालत होती. तिने घडी मोडू दिली नाही. "असू देत," ती म्हणाली, "वेचायला मी आहे." ते बराच वेळ त्या चेनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भोंग्याला सांगू नकोस. तो औषध आणेल." "आणेलच." "आणू दे. पण उशिरा. एकदा औषध आलं की तो माझी गोष्ट ऐकणार नाही, मला तपासत बसेल." त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांच्या नजरेत एकही धागा सुटलेला नव्हता. तिने हो म्हटलं. एवढंच. तिला रडू आलं, पण चादर मोठी होती, तिच्याआड आटपून घेता आलं.

धाकट्याचं औषधांचं दुकान होतं आणि त्याच्यावरच घर. त्याला कळलं ते वडील एकदा चालत चालत त्या जुन्या दुकानापाशी गेले आणि परत यायचं विसरले तेव्हा. त्यानेच त्यांना शोधून आणलं, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला मुलं किती? वडील म्हणाले, तीन, आणि तिच्याकडे बघू लागले. खोलीत धाकटा होता, डॉक्टर होते, टेबलावर हातोडीसारखं काहीतरी पडलं होतं. वडील तिच्याकडे बघत होते. काय करणार? ती म्हणाली, "खडा." वडिलांचा चेहरा उजळला. "धरलास." डॉक्टरांना काही कळलं नाही, पण धाकट्याला कळलं, आणि किती दिवसांचं तेही कळलं. दवाखान्याच्या जिन्यावर त्याने विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "आईच्या वाक्यात खडा आला तेव्हापासून. ते वाक्य बाबा जाणूनबुजून कधीच चुकवणार नाहीत." "म्हणजे वर्ष उलटून गेलं." तो कठड्याला धरून उभा राहिला. "औषधाच्या दुकानात जन्म गेला माझा, ताई. सगळ्या गावाला गोळ्या दिल्या. आणि माझ्या बापाला काय होतंय ते मलाच सांगितलं नाहीस." तो ओरडला नाही. भोंगा ओरडला नाही, हेच वाईट होतं. गोळ्या आधी सुरू केल्या असत्या तर फरक पडला असता का, हे तिने नंतर डॉक्टरांना विचारलं होतं; कुणाला पडतो, कुणाला पडत नाही, असं ते म्हणाले. धाकट्याने यातलं पहिलं ऐकलं, तिने दुसरं. वडील गेल्यावर तो तिच्याशी तुटक बोलत नसे, उलट फार नीट बोले, परक्या बाईशी बोलावं तसं. सुपरवायझर दुपारी बोलला तसं.

एका वाक्यात हे सगळं मिटवता आलं असतं. बाबांनीच सांगितलं होतं, तुला कळवू नको म्हणून. जिभेच्या टोकावर किती वेळा आलं आणि तिने किती वेळा गिळलं. कारण मग धाकट्याचा राग जाणार आणि त्याच्या जागी काय येणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. बापाने आपल्याला नको म्हटलं, चाळणी चालली, भोंगा नाही चालला, हे तो उरलेल्या जन्मात विसरणार नाही. त्यापेक्षा ताई वाईट, हे बरं. बहिणीवर रागावता येतं, गेलेल्या बापावर कसं रागावणार? या बाबतीत तिच्या मनात जराही चलबिचल नव्हती. पण आपण बरोबर असलो म्हणजे आपला भाऊ आपल्याजवळ राहतो, असं काही नसतं. आज तिने गोष्ट सांगितली आणि धाकटा गप्प राहिला, तर पुढच्या वर्षी त्याला काम निघेल, त्याच्या पुढच्या वर्षी तिला, आणि मग मुलं मोठी होतील आणि अडकल्याचा दिवस ही तारखांमधली एक तारीख होऊन जाईल. हे सगळं संध्याकाळी चालताना तिच्या डोक्यात होतं. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, एक बाई फोनवर कुणाला तरी तिसऱ्यांदा तोच पत्ता सांगत होती. आणि मध्येच तो राखाडी पडदा डोळ्यांपुढे सरकून जायचा. हे तुमच्याकडून सुटलंय बहुतेक. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालण्याचा वेग वाढवला. भीती वाटली की वेग वाढवायचा, ही तिची जुनी सवय.

दार धाकट्यानेच उघडलं. "ये ताई. त्रास नाही ना झाला यायला?" वर्षानुवर्षं ती या घरात न विचारता येत होती. धाकट्याची बायको तिचा हात धरून आत घेऊन गेली, चहा आला, भाचा आता तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला होता आणि वाकून बोलत होता. खालच्या दुकानातला औषधांचा वास जिन्यावरून वर येत होता. वडिलांच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. भाचीने तिला तिथेच नेऊन बसवलं. धाकटा दाराजवळच्या खुर्चीवर बसला, उठून जायला सोपं पडावं असा. मग भाच्याने दिवे घालवले. अंधार झाला आणि तिला नवल वाटलं की अंधारात बोलणं किती सोपं असतं; वडिलांची अर्धी हुशारी यातच होती तर. ती सांगू लागली. पितळी दांडा सांगितला, जाळीचं दार सांगितलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा सांगितला. तिचा आवाज तिच्याच कानाला अनोळखी आणि बरा वाटत होता. आणि मग तिने ठरवून, आवंढा गिळून, आपल्या आयुष्यातला पहिला खडा ठेवला: "आणि चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये वीज गेली."

कुणी काही बोललं नाही. ती थांबली. हा खडा नव्हे, धोंडा होता. या घरात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये असं झोपेतही कुणी सांगितलं असतं. भाच्याच्या खुर्चीचा आवाज झाला आणि पुन्हा शांत झाला. तिला कळलं, ते तिला सांभाळून घेतायत. बिचारी आत्या, पहिल्यांदाच सांगतेय, चुकलं असेल, कशाला टोकायचं. दुपारपासून घशात असलेली गोळी हलली आणि तिला एकदम सगळ्यांचाच राग आला. अरे, धरा की. आजोबा गेले म्हणून तुमचे दातही गेले का? पण खेळात मागून घेता येत नाही. ती पुढे निघाली. जाडे गृहस्थ काठी आपटू लागले. नावाडी आला, त्याची एकट्याची झोपडी आली, पलीकडचा दिवा आला, त्याने होडी सोडली. आता आईचं वाक्य. ती वळणावर थांबली, वडील थांबायचे तेवढीच. तिला आईचा आवाज नीट आठवला, त्यातली धार, 'अहो' म्हणतानाचा तो ठसका, आणि तसाच तो तिच्या तोंडून बाहेर पडला याचं तिला फार बरं वाटलं. "अहो, पण तो बहिरा होता ना? मग दिवा दिसला कसा?"

पुन्हा शांतता. ती तिला मघाचीच शांतता वाटली. छान जमलं म्हणून ती क्षणभर त्या वाक्याच्या कडेला उभी राहिली, आणि पुढचं बोलायला श्वास घेतला.

"खडा," दाराजवळून धाकट्याचा आवाज आला.

चला, एकदाचा मजला लागला याच्या दाताखाली, असं तिला वाटलं. सुटल्यासारखं झालं. पण तो म्हणाला, "बहिऱ्याला दिवा दिसायला काय झालं? म्हातारा आंधळा होता."

बहिरा म्हणाली का मी? म्हणाली. आता कानात तो शब्द स्वच्छ ऐकू येत होता, कुणीतरी काचेखालचा दिवा लावावा तसा. कितीही मागे जाऊन शोधलं तरी तो ठेवल्याची तिला आठवण नव्हती. ठेवला नव्हताच. आणि या वाक्यात खडा आला की त्याचा अर्थ काय, हे अंधारात दुसऱ्या फक्त एका माणसाला माहीत होतं, कारण जिन्यावर उभं राहून तिनेच ते त्याला सांगितलं होतं. तिने खुर्चीचे हात धरले.

"पण बाबा," भाची म्हणाली, "आजीच्या वाक्यात खडा ठेवायचा नसतो ना?"

धाकट्याची खुर्ची फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, एकदा आणि पुन्हा, आणि मग त्याचा आवाज आला तो दाराजवळून नाही, तिच्या अगदी शेजारून. तोच आवाज, लहानपणचा, भरलेला, जराही न कापणारा.

"आत्याला चालतो," तो म्हणाला. "तिने मुद्दाम ठेवलाय. कोण ऐकतंय ते बघायला."

त्याचा हात अंधारात चाचपडत तिच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. तिने आवंढा गिळला.

"धरलास," ती म्हणाली.

"दिवा त्याला दिसला नाही," धाकटा सांगू लागला, "त्याला तेलाचा वास आला." मुलं पुढे सरकली. चौथा आणि पाचवा मजला तसाच मागे राहून गेला, आणि ती पुढची गोष्ट ऐकत बसली.